बेसिनची कपलिंग स्वस्तात

प्रश्न : जळगावला आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. सिंक, बेसिन, टबची वेस्ट कपलिंग (तळाच्या भोकात बसून पाणी पाइपात सोडणारा भाग) स्वस्तात काढायचीय, पितळ परवडत नाही, पीव्हीसी चालेल का?

उत्तर : पीव्हीसी नको भाऊ. आपल्याकडे बट्ट्या उकडल्या की ते कढत पाणी सरळ सिंकमध्येच ओततात ना, पीव्हीसी नरम पडतं नि आटे ढिले होतात, पॉलिप्रॉपिलीन घ्या, ते उकळत्या पाण्यातही टिकतं. आटे जाड ठेवा, बारीक असले की तिरपे चढतात, वरून प्लंबर पाना लावून पिळतो! रबरी वॉशरमध्ये मात्र कंजुषी नको, गळती तिथूनच. अन् ओव्हरफ्लोवाल्या, म्हणजे जादा पाणी जायला वरच्या बाजूला भोक असलेल्या बेसिनला ते पाणी आत घ्यायला कपलिंगच्या बॉडीत खाच लागते, साध्याला तीच खाच गळते, म्हणून साच्यात बदलता इन्सर्ट (काढता-घालता येणारा तुकडा) ठेवा, एकाच साच्यात दोन्ही निघतील.