अगर-अगर, अगर आणि चायना ग्रास

अमळनेरच्या एका वाचक भगिनी बचत गटाच्या पाककृतींची पुस्तिका तयार करत आहेत. पुडीवर छापलेले ‘अगर-अगर’ आणि अगरबत्तीतले ‘अगर’ एकच का, आणि पुस्तिकेत या वस्तूला ‘सरस’ म्हटले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. अगरबत्तीतला ‘अगर’ संस्कृत ‘अगुरु’वरून आलेला असून तो एका वृक्षाच्या सुगंधी लाकडाचा वाचक आहे, ‘अगर-अगर’ हा मूळ मलय शब्द, आणि तो तांबड्या समुद्रशैवालांपासून काढलेल्या, पाण्यात उकळून निववला की थिजणाऱ्या पदार्थाचे नाव आहे. (गंमत अशी की, त्या सुगंधी लाकडाला मलय भाषेत ‘गहारू’ म्हणतात, आणि तो मात्र आपल्या ‘अगुरु’चाच सोयरा.) ‘किंवा’ या अर्थाचा ‘अगर’ फारसीतला, तो तिसराच.

आपल्याकडे किराणा दुकानात ‘अगर-अगर’ मागितले, तर बहुधा उदबत्तीचा पुडा पुढे येईल. ‘चायना ग्रास’ म्हटले की पांढुरक्या, चुरगळलेल्या पट्ट्यांची हलकी पुडी हातात पडते. हे नाव तसे फसवे आहे, कारण वस्तू गवत नव्हे आणि ती करण्याची रीत जपानातली. शिवाय इंग्रजीत ते रॅमी या धाग्याच्या झुडपाचेही नाव आहे. तरीही रूढ शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही. पुस्तिकेत ‘चायना ग्रास’च लिहावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘अगर-अगर’ हे दुसरे नाव द्यावे.

‘सरस’ मात्र मुळीच लिहू नये. सरस म्हणजे सुताराकडचा, जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला चिकट पदार्थ. तो जिलेटिनचा सख्खा भाऊ आहे. शाकाहारी घरांत या भेदाला महत्त्व आहेच, शिवाय जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आसपास विरघळू लागते, तर चायना ग्रासची वडी एकदा थिजली की सुमारे ८५ अंशांपर्यंत टिकते, त्यामुळे जळगावच्या मे महिन्यात ताटात कोण तग धरेल हे सांगायला नको.

पाठवलेल्या मजकुरात ‘चायना ग्रास घालून दूध आळू द्यावे’ असे वाक्य आहे. आळणे ही विस्तवावरची क्रिया. तेथे पाणी आटून पदार्थ दाट होतो. येथे पातेले उतरवून ठेवायचे आहे, तेव्हा तुपासाठी वापरतो तेच क्रियापद घ्यावे: ‘थिजू द्यावे’.