उघड्या टपाच्या माझदा एमएक्स-५ मधला एक्झॉस्टचा आणि वाऱ्याचा आवाज कमी कसा करता येईल?

तुमची गाडी दुसऱ्या पिढीची एमएक्स-५. आधीच्या मालकाने जाड पाइपचा स्पोर्ट्स एक्झॉस्ट बसवलाय. इंग्लंडात रोज मोटरवेने ऑफिसला जाताना टप उघडा असला तर कान बधिर होतात आणि लावला तरी डोकं भणभणतं, असं तुम्ही लिहिलंय. आतून सगळीकडे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी जाड चिकटपट्टी) चिकटवू का, हा तुमचा प्रश्न. मीही इथे याच पिढीची गाडी चालवतो आणि तिच्यावर माझा फार जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो. शीटवर इतक्यात पैसे घालू नका. आधी कुठला आवाज कुठून येतोय ते वेगळं काढा.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैलांना गाडी पाचव्यात चालवा, मग तोच वेग ठेवून चौथा टाका. गिअरबरोबर बदलला तो आवाज इंजिनाचा आणि एक्झॉस्टचा. तसाच राहिला तो वाऱ्याचा किंवा टायरचा. जुन्या काँक्रीटवरून नव्या डांबरावर आल्यावर एकदम हायसं वाटलं तर दोष टायरचा समजा. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर बदला, एवढंच त्यावर.

आता एक्झॉस्ट. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. ७० मैलांना तुमचं इंजिन साधारण ३५०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) असतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ ठोके. डोक्यात घुमतो तो हाच सूर. हवेत त्याच्या लाटेची लांबी जवळजवळ तीन मीटर भरते. डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर मारते, पण एवढी लांब लाट कापडी टपातून सरळ आत येते, तिला ती शीट काय अडवणार? म्हणून उपाय पाइपातच करायला हवा.

पहिल्यांदा गळती बघा. इंजिन थंड असताना सुरू करा, कुणाला तरी मागच्या पाइपाच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही सांध्यांजवळ कान द्या. गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सीलची चकती, गेलं असेल तिथे फुसफुस ऐकू येते. मॅनिफोल्डवरचं, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या पाइपांवरचं, हीट शील्डही (उष्णता अडवणारा पत्रा) हलवून पाहा. त्याचा बोल्ट गंजून सुटला की एका ठराविक आरपीएमला ते खडखडतं आणि लोक उगाच सायलेन्सरला दोष देतात.

गळती नसेल तर माझं स्पष्ट मत: कंपनीचा मूळ सायलेन्सर परत लावा. बाजारातले बरेच स्पोर्ट्स सायलेन्सर आरपार असतात. आत जाळीची नळी आणि भोवती फायबर, त्यात वरच्या पट्टीचा आवाज मुरतो, खालचा घूं घूं तसाच बाहेर पडतो. मूळ सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, वायू त्यांतून वळसे घेत जातो, म्हणून खालचा सूरही दबतो. हौशी मालक तो काढून गॅरेजमध्ये ठेवून देतात, त्यामुळे वापरलेला मिळणं अवघड नाही. शिवाय १९८६ च्या इथल्या वाहन नियमांनुसार आवाज वाढेल असा बदल सायलेन्सरमध्ये करताच येत नाही.

आहे तोच ठेवायचा असेल तर मधल्या पाइपात रेझोनेटर (ठराविक सूर दाबणारा छोटा डबा) घाला, किंवा चांगल्या वेल्डरकडून एक बंद तोंडाची बाजूची नळी जोडून घ्या. लाट त्या नळीत शिरते, टोकाला आपटून उलटी परतते आणि मूळ लाटेला मारते. लांबी लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी लागते. एक्झॉस्टमधला वायू ३०० अंशांच्या आसपास धरला तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटर येतो, म्हणजे ११७ च्या सुरासाठी नळी साधारण एक मीटरची. ती त्या एका सुरापुरतीच चालते, म्हणून तुम्हाला छळणारा आरपीएम आधी नीट टिपून घ्या.

वाऱ्याचा प्रकार निराळा, आणि मला तो जास्त रंजक वाटतो. वारा समोरून येतो असं आपण धरून चालतो. डोक्यामागे, सीटांच्या मधे आणि सीटबेल्टच्या खांबांवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवा, टप उघडून निघा आणि शेजारच्याला बघायला सांगा. ५० मैलांच्या पुढे धागे चक्क पुढच्या काचेकडे तोंड करून फडफडतात! काचेच्या वरच्या कडेवरून निसटलेली हवा मागे कमी दाबाची पोकळी करते आणि मागच्या डिकीवरून उलटी वळून तुमच्या मानेवर आदळते. म्हणून सीटमागे विंड डिफ्लेक्टर, म्हणजे वारा अडवणारा पडदा, हवाच. मर्सिडीजने १९८९ च्या एसएल या उघड्या टपाच्या गाडीत दिलेली जाळी याच कामाची होती. उंची खांद्याच्या वर, कानापर्यंत असू द्या, आणि दोन सीटांमधली फट जरूर बुजवा. धागे शांत झाले की काम झालं. दारांच्या काचा वर ठेवा. सीट खाली घेऊन डोकं पुढच्या काचेच्या वरच्या कडेखाली आणता आलं तर फारच उत्तम.

वेगाचा हिशेबही लक्षात घ्या. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ७० वरून ६० वर आलात की सुमारे ४ डेसिबल कमी. हे थोडं वाटेल, पण ३ डेसिबल उतरले की कानावर पडणारी ऊर्जा निम्मी होते. इथल्या कारखान्यांत दिवसभराची सरासरी ८५ डेसिबलला पोचली की कानांना संरक्षण सक्तीचं आहे. घरी परतल्यावर कानात कुईं असा आवाज राहत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. मोटरसायकलवाले वापरतात ते फिल्टरचे इअरप्लग लांबच्या प्रवासात वापरा. त्यांतून हॉर्न आणि सायरन ऐकू येतात.

टप लावल्यावर शिट्टी येत असेल तर बहुतेकदा दाराच्या काचेच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातून. बाहेरून मास्किंग टेपने एकेक सांधा झाका आणि चालवून बघा, शिट्टी बंद झाली तो कोपरा दोषी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर बीडिंग (दाराभोवतीची रबराची पट्टी) दबलंय किंवा काच नीट टेकत नाही. नवं बीडिंग घेण्याआधी काचेची आणि टपाच्या पुढच्या लॅचची (खटक्याची) सेटिंग करून घ्या, तेवढ्यानेही बऱ्याचदा भागतं. त्याच वेळी सीटबेल्टच्या खांबांजवळची पाणी जायची भोकं साफ करा, ती तुंबली की पाणी गाडीत उतरतं आणि खालून पत्रा सडतो.

हिवाळ्यात फरक हवा असेल तर सुट्टा हार्डटॉप घ्या. वीसेक किलोचा असतो, दोघांनी उचलून बसवता येतो. फक्त तो उन्हाळ्यात शोधा, ऑक्टोबर उजाडला की सगळेच त्याच्या मागे लागतात आणि भाव चढतात.