डिझायनर टिकत नाहीत. बाँड लिहून घ्यावा का?

प्रश्न : चिपळूणजवळ माझे सात जणांचे वास्तुरचनेचे कार्यालय आहे. गेल्या तीन वर्षांत चार तरुण डिझायनर काम शिकून पुण्या-मुंबईला निघून गेले. मागच्या वर्षी पगार वाढवून पाहिले, तरी परवा पाचव्या मुलीनेही राजीनामा दिला. नव्या माणसाकडून दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यावा आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्र ठेवून घ्यावे, असे मनात आहे. ते योग्य होईल का? – एक वाचक

उत्तर : प्रमाणपत्र ठेवून घेण्याचा विचार सोडून द्यावा, तो कागद त्या उमेदवाराचा आहे. बाँडविषयी सांगायचे, तर प्रशिक्षणावर खरोखर झालेला खर्च भरून घेण्यापुरती वाजवी अट न्यायालयात टिकू शकते. मात्र नोकरी सोडल्यावर अमुक काळ याच व्यवसायात काम करू नये, अशी अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. शिवाय कार्यालयात बसून ऑटोकॅडवर, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्याच्या प्रणालीवर, हात बसला, याला प्रशिक्षणाचा खर्च म्हणणे अवघडच आहे.

ही मुले आपल्याकडे दिवसभर काय करत होती, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही, आणि मला खरी अडचण तिथेच दिसते. आपल्याकडच्या बहुतेक लहान कार्यालयांत साइटवर मालक जातात आणि मंजुरीचे नकाशे मुले काढतात. पाच वर्षे वास्तुकला शिकून आलेली मुलगी २०२० च्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे क्षेत्रफळाचे तक्ते भरते, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) तपासते, किनाऱ्यालगतची जागा असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, रेषा दाखवते. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या कौलारू छपराला उतार किती द्यावा, जांभ्याच्या चिऱ्याची भिंत पागोळ्यांपासून कशी जपावी, हे तिला गवंड्याशेजारी उभे राहून कधी पाहायला मिळत नाही. तक्तेच भरायचे असतील, तर ती ते पुण्यात अधिक पगारावर भरील, आणि त्यात तिची काही चूक नाही.

दुसरे कारण गणपतीचे आहे. (हसू नये.) आपले बरेच ग्राहक चाकरमानी, म्हणजे मे महिन्यात आणि गणपतीत गावी येणारे, त्यामुळे घराच्या बैठका नेमक्या त्याच दिवसांत ठरतात आणि ज्या मुलांच्या स्वतःच्या घरी गणपती असतो, त्यांचीच रजा नाकारली जाते. मीही माझ्या कार्यालयात हे अनेक वर्षे केले आहे. रजेच्या पाळ्या जूनमध्येच लिहून ठरवाव्यात आणि निदान पहिले दोन दिवस कोणालाही बोलावू नये. पावसाळ्यात बांधकामे थांबतात, टप्प्यांवरची बिले अडकतात आणि पगार पुढे ढकलले जातात, तेही याच काळात. तेव्हा उन्हाळ्यात आलेल्या आगाऊ रकमेतून चार महिन्यांचे पगार वेगळे काढून ठेवावेत. पगाराची वाढ जेवढी लक्षात राहते, त्याहून पगाराची चुकलेली तारीख जास्त लक्षात राहते.

रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची (सिव्हिलची) पदविका घेतलेली, इथेच घर असलेली मुलेही घेऊन पाहावीत. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय त्यांना स्वतःस वास्तुविशारद म्हणवून घेता येणार नाही, म्हणून त्यांची पुढची वाट वेगळी आखावी लागेल : साइटची जबाबदारी, मोजमापे, कंत्राटदारांची बिले. पदवीधरांपैकी काही जण तरीही मुंबईला जातीलच. तो हिशेब धरूनच माणसे घ्यावीत.

राजीनामा दिलेल्या मुलीशी, तिला थांबवण्यासाठी नव्हे, एकदा निवांत बोलावे आणि तिने काढलेले कोणते घर तिने उभे राहताना पाहिले, एवढेच विचारावे. ‘एकही नाही’ असे उत्तर आले, तर सध्या जोत्यापर्यंत आलेले एखादे काम तिच्या जागी येणाऱ्याकडे सोपवावे आणि गवंड्याशी बोलणेही त्यालाच करू द्यावे.