जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय ना, मग आधी एवढं करा भाऊ

४ जीबी रॅमचा लॅपटॉप भंगारात काहून देता भाऊ, लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, तिच्यातली लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या अन् तिच्यावरच टिका. नवीन माणूस इथंच फसतो, दर हप्त्याला नवी डिस्ट्रो (लिनक्सचा वेगळा प्रकार) टाकतो अन् शिकत काहीच नाही.

पहिलं काम बॅकअप. सातबारा, पोरांचे दाखले, फोटो सगळं वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, कारण इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलं की सगळं साफ, माझ्या भावाच्या लग्नाचे फोटो असेच गेले, अजून जीव हळहळते.

मग मिंट भरलेल्या ८ जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, मिंट लाइव्ह म्हणजे थेट पेनड्राइव्हवरच चालवून पाहा, वायफाय, आवाज, प्रिंटर चालते का ते तिथंच समजते. वायफाय नाही दिसलं तर घाबरू नका, मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट येते.

इन्स्टॉल मात्र बॅटरी फुल असतानाच, बॅटरी बसली असन तर इन्व्हर्टरवर, आपल्याकडं लाइन कधी जाईन नेम नाही.

प्रोग्राम टाकायला विंडोजच्या ईएक्सई फाइली शोधू नका, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) सध्या राहू द्या. मराठी टायपिंग अडलं तर कोणता कीबोर्ड वापरता ते सांगा, लावून देतो.