भाचा १७ वर्षांचा, न्यूयॉर्कला नवा आलाय. इंग्रजी कच्चं, शाळा नको म्हणतो. काय करावं?

आधी शाळा. तिथं २१ पूर्ण होतील ते शालेय वर्ष संपेपर्यंत सरकारी शाळा मोफत आहे, आणि व्हिसा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: प्लायलर विरुद्ध डो, १९८२).

फॅमिली वेलकम सेंटरला (शहराचं शाळाप्रवेशाचं कार्यालय) जाताना जन्मदाखला, लसींची नोंद, पत्त्याचे दोन पुरावे न्या. गुणपत्रिका तर हव्याच! घोडं इथंच पेंड खातं: त्या नसल्या की जुने विषय धरले जात नाहीत, पोरगं नववीत बसतं, १४ वर्षांच्या मुलांत बुजतं आणि चार महिन्यांत डिलिव्हरीच्या सायकलवर दिसतं. डिप्लोम्याला (बारावी पास झाल्याचा दाखला) ४४ क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे गुणांक, लागतात, त्यामुळे आधीचं प्रत्येक क्रेडिट शाळेच्या समुपदेशकाकडून लेखी मोजून घ्या.

जागा असेल तर नवागतांसाठीचं इंटरनॅशनल हायस्कूल मागा. तिथं विज्ञान, इतिहास शिकतानाच इंग्रजी मुरतं. नुसत्या भाषावर्गाला मुलं लवकर कंटाळतात.