देवळातला उदबत्तीचा धूर फोटोत उमटतच नाही, काय करावं?

उजेड धुराच्या मागून किंवा कडेने येईल असं उभं राहा आणि पलीकडे अंधार राहू द्या, धूर लगेच उठून दिसेल. धुराचे बारीक कण उजेड बहुतेक तो जात असतो त्याच दिशेला पुढे फेकतात. म्हणून समोरून मारलेला फ्लॅश वाया जातो, शिवाय मागची भिंत उजळते. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासारखा जुना दगडी मंडप यासाठी उत्तम: दारातून तिरका उजेड, मागे काळोख. फोकस उदबत्तीच्या जळत्या टोकावर लॉक करा, कारण धुरावर कॅमेरा भरकटतो. मोबाइलवर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढा. शटरचा वेग साधारण १/२५० सेकंद ठेवला तर वळणं रेखीव येतात; १/३० ला धूर मऊ, पसरट होतो (मला तोच आवडतो). टोकाजवळची सरळ, निळसर रेघ वाऱ्याच्या झुळकेनेही मोडते, तेव्हा पंखा बंद हवा. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेत हे जमणं कठीण. तिथे वारा, गर्दी आणि उधळलेला भंडारा, त्यामुळे धुरापेक्षा भंडाराच टिपा. मात्र गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. बऱ्याच देवळांत तिथे फोटो काढू देत नाहीत.