शून्य आलं म्हणून हिरमुसू नका

प्रश्न: सर, माझी बारा वर्षांची लेक आणि मी रोज रात्री काऊ-बुल खेळतो. एकानं चार वेगवेगळे अंक मनात धरायचे, दुसऱ्यानं ओळखायचे. अंकही बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर बुल. अंक आहे पण जागा चुकली तर काऊ. ती पाच-सहा प्रश्नांत माझा आकडा काढते, मला आठ-नऊ लागतात. कालचा माझा डाव असा: 1234 ला एक काऊ, 5678 ला दोन काऊ, 1735 ला एक बुल एक काऊ. पुढे मी भरकटलो आणि नवव्या प्रश्नाला 6195 सापडला. तिच्या डावात तिला 8, 2, 6 हे पहिले तीन अंक जागेसकट पक्के कळले होते, 4 नाही हेही कळलं होतं, तरी तिनं 0143 विचारला! मी 'शून्य' म्हटलं, म्हणजे बुलही नाही, काऊही नाही. मग 5407 विचारला, त्याला एक काऊ. आणि लगेच 8265, खलास. चूक आहे हे माहीत असताना तोच आकडा विचारायचा कशाला? आणि सुरुवात कोणत्या आकड्यानं करावी?

उत्तर: सुरुवातीचं आधी उरकतो. कशानंही करा. लेकीनं 0143 विचारला म्हणजे तुमच्याकडे शून्य पहिल्या जागी चालतं. मग पहिल्या जागेला 10 पर्याय, पुढे 9, 8, 7. गुणाकार 5040. अंक वेगवेगळेच असायचे असल्यामुळे पहिल्या प्रश्नाला 1234 काय आणि 8305 काय, सारखेच. 'लकी' आकडा वगैरे काही नसतं.

पण पहिल्या उत्तराकडे कसं बघायचं, यात मात्र गंमत आहे. शून्य आलं की बहुतेकांचं तोंड उतरतं आणि एक काऊ आला की बरं वाटतं, काहीतरी हाती लागलं म्हणून. मोजून बघा. शून्य आलं तर उरलेल्या सहा अंकांतूनच आकडा बनायला हवा: 6×5×4×3, म्हणजे 360. नुसता एक काऊ आला तर 1440 आकडे शिल्लक राहतात! चौपट. ज्या उत्तरानं आपण हिरमुसतो तेच चौपट कामाचं. (मला स्वतःला हे पटायला दोन पानं गुणाकार करावे लागले होते.)

आता तुमचा डाव. पहिले दोन प्रश्न झकास होते. 1234 मधला एकच अंक, 5678 मधले दोन. झाले तीन. मग चौथा कुठून येणार? 9 किंवा 0, दोन्हींपैकी नेमका एक. ज्या अंकांबद्दल तुम्ही अवाक्षरही काढलं नव्हतं त्यांची बातमी फुकटात मिळाली. शिवाय एकही बुल नाही, म्हणजे आठही अंक विचारलेल्या जागी नाहीत. इथं मी वही घेऊन बसलो: शिल्लक 504. दोन प्रश्नांत 5040 चा बरोबर दहावा हिस्सा.

आणि तिथं तुम्ही 1735 विचारलात. यात 1 आणि 3 दोन्ही आहेत. पहिलं उत्तर सांगतं की त्यांतला फार तर एक असेल. तेही पुन्हा त्याच जागांवर ठेवलेत, 1 पहिल्या आणि 3 तिसऱ्या, जिथं ते नाहीत हे तुम्हाला आधीच सांगितलेलं होतं. 9 आणि 0 ची तर चौकशीच नाही. त्याऐवजी 7159 विचारून बघा: 1234 मधला एक, जागा बदलून, 5678 मधले दोन, जागा बदलून, आणि 9. आधीच्या दोन्ही उत्तरांना हा आकडा जुळतो, म्हणजे तोच उत्तरही असू शकतो. तुमच्या 6195 च्या डावात त्याला एक बुल, दोन काऊ मिळाले असते. आकडा उच्चारण्यापूर्वी एक सवय लावा: 'हाच खरा असता, तर मागची सगळी उत्तरं अशीच आली असती का?' नसती, तर थांबा. बहुतेक डाव एवढ्यानंच सहा-सातवर येतात.

आता तुम्ही म्हणाल, मग लेकीचा 0143 या नियमात कुठं बसतो? बसत नाही. तिनं नियम मोडला, पण मुद्दाम मोडला. तुमचा नकळत मोडला गेला. तिच्यापुढे सहा आकडे होते: 826 च्या पुढे 0, 1, 3, 5, 7 किंवा 9. एकेक विचारत बसली असती तर नशीब फुटकं असताना सहा प्रश्न गेले असते. तिनं काय केलं बघा. 3 चौथ्या जागी ठेवला, 0 आणि 1 भलत्या जागी, उरलेली जागा बाद झालेल्या 4 नं भरली. बुल आला तर 3. काऊ आला तर 0 किंवा 1. काहीच नाही आलं तर 5, 7, 9. पुन्हा तीच युक्ती 5407 मध्ये: काऊ म्हणजे 5, बुल म्हणजे 7, शून्य म्हणजे 9. काहीही झालं तरी तिसऱ्या प्रश्नाला आकडा हातात. तिनं उत्तर विचारलं नाही, वाटणी विचारली. बारा वर्षांच्या मुलीला हे आपलं आपण सुचलं असेल, तर माझ्याकडून तिला शाबासकी द्या. मला कॉलेजात जाईपर्यंत सुचलं नव्हतं.

डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञानं 1977 मध्ये हीच गोष्ट मास्टरमाइंड या रंग ओळखायच्या अशाच खेळासाठी पद्धतशीर मांडली. त्यात सहा रंग, चार जागा, रंग पुन्हा वापरता येतो, म्हणून 1296 शक्यता. प्रत्येक वेळी असा प्रश्न निवडायचा की सर्वांत वाईट उत्तर आलं तरी शिल्लक कमीत कमी राहील. पाच चालींत हमखास सुटतं. त्या खेळात मात्र पहिल्या चालीला महत्त्व आहे: रंगांना 1 ते 6 आकडे दिले, तर 1122 नं सुरुवात केली तर वाईटात वाईट 256 उरतात, 1234 नं केली तर 312. तुमच्या काऊ-बुलमध्ये संगणकाला जास्तीत जास्त सात प्रश्न लागतात, सरासरी 5.2 च्या आसपास. म्हणजे तुमची लेक संगणकाच्या मानानं फार मागे नाही.

प्रश्न: मैत्रिणीनं मला 'तीन बुल, एक काऊ' असं उत्तर दिलं. मी अजून डोकं खाजवतेय.

उत्तर: खाजवू नका, तिला पुन्हा मोजायला लावा. तीन अंक आपापल्या जागी बसले की चौथ्याला एकच जागा उरते. तो चुकीच्या जागी जाणार कुठं? बुल-काऊच्या 15 जोड्यांपैकी ही एकच अशक्य, बाकी 14 येऊ शकतात. मीही एकदा धाकट्या भावाला एक काऊ द्यायचा विसरलो होतो. अर्ध्या तासानं त्यानं कागद पुढे केला आणि असा आकडाच अस्तित्वात नाही हे सिद्ध करून दाखवलं. त्यानंतर तो मला आकडा आधी चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवायला लावायचा.